ब्रेक नसलेली मोटरसायकल आणि पीण्यातली पत्र्याची ट्रंक

बंगळूर म्हणजे लालबाग, म्हैसूर सिल्क आणि कॉम्प्युटर कंपन्या, असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. त्याच शहरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका बेळगावकर काकांची जुनी शेड आहे आणि त्या शेडमध्ये आहे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात भरलाय इंग्लंडमधला एक अफलातून खेळ... आणि तो आटत कसा गेला, त्याची कहाणी!

यशवंतपूर मागे पडलं की मेट्रो तुमकूर रोडच्या डोक्यावरून धावू लागते. गोरगुंटेपाळ्य, पीण्या आणि मग ‘पीण्या इंडस्ट्री’. २०१४च्या मार्चमध्ये ही गाडी पहिल्यांदा इथवर आली. आता ती पुढे मादावरपर्यंत जाते. खिडकीतून खाली पाहावं तर जिकडेतिकडे सिमेंटच्या पत्र्यांची छपरं, पाण्याच्या टाक्या आणि ट्रकच्या रांगा. पर्यटकांच्या नकाशावर या भागाला जागा नाही. मला मात्र तिथेच जायचं होतं.

स्टेशनचा जिना उतरले आणि नाकाला पहिला वास लागला तो फिल्टर कॉफीचा. दुसरा तापलेल्या लोखंडावर ओतल्या जाणाऱ्या कूलंटचा. सकाळची शिफ्ट सुरू व्हायची वेळ होती. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत निळ्या शर्टातली मंडळी उभ्या उभ्या तट्टे इडली खात होती. ताटाएवढी इडली, वर लोण्याचा गोळा! कानावर कन्नड पडत होती, हिंदी पडत होती, ओडिया पडत होती आणि मधूनच चक्क ‘अरे, आज नाइट हाय काय तुझी?’ असं बेळगावकडचं मराठीही.

सत्तरच्या दशकात कर्नाटक सरकारनं इथे प्लॉट पाडले, शेड बांधून दिल्या. बघता बघता आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत पीण्याची गणना होऊ लागली. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, अमुक क्रॉस, तमुक मेन... पत्ता शोधताना डोकं गरगरतं. दर दोन शेडमागे एक लेथ फिरत असतो. कुणी वॉल्व्ह बनवतो, कुणी गिअर, कुणी नुसते नट. कित्येक मालक आधी कुणाच्या तरी कारखान्यात टर्नर किंवा फिटर होते. माझे काकाही त्यांतलेच.

काका म्हणजे आईच्या मावसबहिणीचे यजमान. वय ऐंशीच्या घरात. पण शेडच्या दारात उभे राहून त्यांनी जी हाक मारली, ती पलीकडच्या गल्लीत गेली असेल.

“आलीस होय गं? ये, ये. चप्पल काढू नको, लोखंडाचा चुरा पायात घुसतो!”

शनिवार आला की...

शेडमध्ये एचएमटीचा एक जुना लेथ, दोन मिलिंग मशिन, तीन कामगार आणि कोपऱ्यात ती ट्रंक. काकांनी आधी दोन्ही हात रॉकेलनं पुसले, मग साबणानं धुतले आणि मगच ट्रंकेला हात लावला. आत होते कार्यक्रमपत्रिकांचे गठ्ठे. प्रत्येक पत्रिकेवर नाव एकच : कॉव्हेंट्री बीज. बीज म्हणजे मधमाश्या!

काका १९६८ साली कॉव्हेंट्रीला गेले. बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, वय तेवीस. कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातलं मोटारींचं, सायकलींचं आणि यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांचं शहर. आपल्याकडच्या जुन्या टर्नरांना ‘हर्बर्ट’चे लेथ ठाऊक असतील. ते अल्फ्रेड हर्बर्ट याच गावचे. काकांना तिथल्याच एका कारखान्यात फिटरची नोकरी मिळाली.

दिवस मात्र बरे नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या पुढाऱ्यानं बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध जळजळीत भाषण केलं होतं. बसमध्ये काकांच्या शेजारची सीट रिकामी राहायची. “बोलायचं कुणाशी? भिंतीशी?” काका सांगत होते. “मग एका शुक्रवारी शेजारच्या मशिनवरचा म्हातारा फिटर म्हणाला, उद्या संध्याकाळी काय करतोस? मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाला, स्वेटर घाल आणि ये ब्रँडनला.”

ब्रँडन हे कॉव्हेंट्रीला लागून असलेलं खेडं. तिथल्या स्टेडियमवर १९२८ पासून मोटरसायकलींच्या शर्यती होत. साध्यासुध्या शर्यती नव्हेत हं! त्यांचं नाव स्पीडवे.

वाचकहो, डोळ्यांसमोर आणा. तीनेकशे मीटरचा लंबगोल मातीचा ट्रॅक. त्यावर चार स्वार. पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची गाडी. तिला गिअर एकच आणि ब्रेक? ब्रेक नाहीच! पेट्रोलऐवजी मिथेनॉल. समोरच्या फिती झटकन वर उडतात आणि चौघं सुटतात. वळण आलं की वेग आवरायचा कसा, तर गाडी आडवी घालायची. मागचं चाक माती उडवत बाहेर फेकायचं, डाव्या बुटाला बांधलेला पोलादी तळ जमिनीवर घासायचा आणि हँडल वळणाच्या उलट दिशेला धरून घसरत घसरत पुढे जायचं. अशा चार फेऱ्या. सगळा खेळ मिनिटभराचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. पुन्हा नवे चौघं, पुन्हा फिती वर!

“माझ्या हातात इथलंच एचएमटी घड्याळ होतं,” काका म्हणाले. “त्याच्या सेकंदकाट्यावर मी प्रत्येक हीट मोजायचो. म्हातारा हसायचा. पण दर शनिवारी माझ्यासाठी थर्मासमध्ये जास्तीचा चहा आणायचा, बघ. त्या कठड्यापाशी मला कुणी ‘तू कुठला’ म्हणून विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, तू बूकॉकवाला की माउंटफोर्डवाला?”

नायजेल बूकॉक आणि रॉन माउंटफोर्ड हे बीजचे बिनीचे स्वार. बूकॉकचा चामडी पोशाख निळा. बाकी सारे काळ्या पोशाखात असायचे त्या काळात त्याचा निळा रंग लांबून ओळखू यायचा. त्याच वर्षी, १९६८ला, कॉव्हेंट्रीनं लीग जिंकली आणि काका कायमचे मधमाश्यांच्या पोळ्यात अडकले!

काकूंचे गुण, मराठी आकड्यांत

एवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. ट्रंक उघडी दिसताच म्हणाल्या, “काढलं का पुराण?”

काकूंचं लग्न १९७२चं. कॉव्हेंट्रीला पोचल्यावर पहिल्याच शनिवारी नवरा म्हणाला, चल, फिरायला जाऊ. नवी नवरी हौसेनं फिक्या गुलाबी साडीवर कोट घालून निघाली. काकांनी तिला मानानं पहिल्या वळणापाशी उभं केलं. पहिली हीट सुटली आणि चार गाड्यांनी उडवलेली लाल माती थेट साडीवर!

“आणि वास कसला, तर एरंडेलाचा!” काकू अजून नाक मुरडतात. ते खरं आहे. या गाड्यांच्या इंजिनात एरंडेलापासून केलेलं तेल घालत आणि ते जळालं की गोडसर, घशाशी बसणारा वास सुटे. काका मात्र तो वास अत्तरासारखा हुंगत. “एरंडेलावर जीव टाकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही,” इति काकू.

पण गंमत पुढेच आहे. मी एक पत्रिका उलगडली. प्रत्येक हीटपुढे चार रिकामे चौकोन असतात. प्रेक्षकांनी पेन घेऊन गुण भरत जायचे, ही तिथली पद्धत. त्या चौकोनांत सुबक अक्षरांत लिहिलं होतं : ३, २, १, ०. मराठी आकडे! पुढची पत्रिका, तेच. त्याच्या पुढची, तेच. नऊ वर्षांच्या शनिवारांचे हिशेब काकूंच्या हातचे.

“मग काय करणार? थंडीत नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं,” काकू म्हणाल्या. आणि जरा वेळानं, “शेजारच्या बायका वाकून बघायच्या. मी त्यांना आकडे शिकवले की!”

येझदीची बहीण

आता तुम्ही म्हणाल, या विलायती खेळाशी आपला काय संबंध? तर ऐका. फार वर्षं स्पीडवेच्या गाड्यांत इंग्लंडच्या जॅप कंपनीचं इंजिन असे. पुढे चेकोस्लोव्हाकियातली ‘एसो’ गाडी आली आणि साठच्या दशकात तो कारखाना जावा कंपनीत सामील झाला. मग स्पीडवेच्या ट्रॅकवर जावाचं राज्य सुरू झालं.

जावा! म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडणारी, पुढे येझदी नावानं घराघरांत पोचलेली, मामा-काका लोकांची लाडकी गाडी. तिच्याच कुळातली ही ब्रेक नसलेली बहीण. ब्रँडनला टाकीवरचं ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, असं काका सांगतात. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ला बंद पडला. जावा आणि येझदी ही नावं अलीकडे नव्या गाड्यांवर पुन्हा दिसू लागली आहेत. काकांची १९८३ची येझदी मात्र शेडबाहेर उभी आहे आणि दोन किकमध्ये सुरू होते. मी स्वतः पाहिलं!

वेम्बलीची ती रात्र

सत्तरचं दशक हे काकांचं सोन्याचं दशक. डेन्मार्कचा ओले ओल्सेन १९७६ला बीजकडे आला. तो आधीच दोनदा जगज्जेता झालेला होता, १९७८ला तिसऱ्यांदा झाला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कॉव्हेंट्रीनं लागोपाठ लीग जिंकली. शनिवारी दुपारी टीव्हीवरही स्पीडवे दिसे. कारखान्यात सोमवारी चहाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे.

कारखान्यांची घडी मात्र विस्कटत होती. मोटारींचा धंदा बसला, यंत्रांची मागणी आटली. ज्या हर्बर्ट कंपनीचा एके काळी जगात दबदबा होता, तिला १९८३ला कायमचं टाळं लागलं. काकांच्या कारखान्यातही माणसं कमी होऊ लागली. काकांनी ठरवलं, आता परत जायचं.

निघण्यापूर्वी एक शेवटची हौस. ५ सप्टेंबर १९८१, वेम्बली स्टेडियम, जागतिक अंतिम फेरी. नव्वद हजारांहून जास्त माणसं! अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल जिंकला. दुसरा आला ओल्सेन आणि तिसरा टॉमी नूडसेन. दोघेही कॉव्हेंट्रीचे. काका घसा बसेपर्यंत ओरडले. शेजारी तोच म्हातारा फिटर होता, आता निवृत्त झालेला.

“तिथून निघताना तो म्हणाला, पुढच्या वेळी आलास की ब्रँडनला भेटू. मी म्हटलं, भेटू,” काका एवढंच बोलले. काकूंनी डब्यातून भाकरी वाढली.

त्या रात्रीनंतर वेम्बलीवर स्पीडवेची जागतिक अंतिम फेरी पुन्हा कधी झाली नाही. जुनं वेम्बलीही पुढे पाडलं गेलं.

मैदानं एकेक करून गेली

ब्रिटनमध्ये या खेळाची पहिली मोठी शर्यत झाली १९ फेब्रुवारी १९२८ला, लंडनजवळच्या हाय बीच इथे. खेळ आला ऑस्ट्रेलियाकडून, पण इंग्लंडच्या कामगार वस्त्यांनी तो आपलासा केला. महायुद्धानंतर मैदानं भरभरून वाहत होती. पन्नासच्या दशकात करमणूक कर आणि टीव्हीनं फटका दिला. १९६५ला नवी लीग सुरू झाली, पुन्हा बहर आला. आणि मग हळूहळू ओहोटी.

कारणं बरीच सांगतात. इंजिनं महाग झाली. चांगले स्वार जास्त पैशांसाठी पोलंड आणि स्वीडनच्या लीगकडे वळले. पोरांना घरबसल्या दुसऱ्या करमणुकी मिळाल्या. हे सगळं खरंच आहे. पण काकांचं बोट वेगळ्या जागी आहे.

“खेळ म्हातारा झाला म्हणून मेला नाही, गं. त्याच्या पायाखालची जमीन विकली गेली.”

त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. मँचेस्टरचं हाइड रोड, १९८७. लंडनचं विम्बल्डन, २००५. पीटरबरो, २०२३ : मैदानाच्या जागेवर घरांची योजना. वुल्व्हरहॅम्प्टन, तेही २०२३ : मालकांना कुत्र्यांच्या शर्यती हव्या होत्या. पुष्कळ ठिकाणी स्पीडवेवाले दुसऱ्याच्या स्टेडियममध्ये भाडेकरू होते. कुठे मैदानाभोवती नवी घरं झाली आणि मग तिथे राहायला आलेल्यांना जुन्या गाड्यांचा आवाज खुपू लागला.

आणि ब्रँडन? तेही विकलं गेलं. नव्या मालकांना तिथे घरं बांधायची होती. २०१६च्या मोसमानंतर बीजची तिथे एकही शर्यत झाली नाही. स्टेडियम ओसाड पडलं, त्यात आगी लागल्या आणि ‘खेळ परत आणा’ म्हणणारे प्रेक्षक वर्षानुवर्षं नियोजनाच्या कचेऱ्यांत भांडत राहिले.

योगायोग बघा. त्याच २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याला मंजुरी दिली. पीण्याला लागूनच असलेल्या जालहळ्ळीत १९६१ला सुरू झालेला, जपानच्या सिटिझनच्या मदतीनं उभा राहिलेला हा उद्योग. आपल्याकडे दहावी पास झालेल्या पोराच्या मनगटावर जे पहिलं घड्याळ चढायचं, ते बहुधा एचएमटीचंच! “ज्या घड्याळानं हीट मोजल्या ते आणि ज्या मैदानावर मोजल्या ते, एकाच वर्षी गेले,” काका म्हणाले. घड्याळ अजून चालतं. रोज सकाळी ते किल्ली देतात.

ज्यांची जमीन, त्यांचा खेळ

मी काकांना विचारलं, मग वाचलं कोण? त्यांनी लगेच तीन नावं सांगितली.

पहिलं ओल्सेनचं. त्यानं ऐन भरात असताना, १९७५ला, डेन्मार्कमधल्या वोयेन्सला स्वतःचा ट्रॅक उभारला. तिथे आजही जागतिक दर्जाच्या शर्यती होतात. दुसरं पोलंडचं. तिथली कितीतरी स्पीडवे स्टेडियम गावच्या पालिकांची आहेत. त्यामुळे खेळ टिकला, वाढला आणि आज जगातली सर्वांत तगडी लीग तिथे आहे.

तिसरं नाव आपल्या शेजारचं. चेन्नईच्या उत्तरेला शोळावरम इथे महायुद्धातली एक जुनी धावपट्टी आहे. १९५३ला स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवायचा. ऐंशीच्या दशकात काका येझदीवर टांग मारून रातोरात बंगळूरहून शोळावरम गाठायचे. ‘दोन दिवस दुकान बंद’ अशी पाटी पीण्यातल्या त्यांच्या शेडला लागायची. तिथे माती नव्हती, घसरणं नव्हतं, सरळ डांबरी शर्यत. पण मिथेनॉल नसलं तरी धूर होता, गोंगाट होता आणि थर्मासमधून चहा देणारे शेजारी होते.

“ती धावपट्टी पण उसनीच होती,” काका म्हणाले. “पण त्या क्लबवाल्यांनी वेळेवर ओळखलं. श्रीपेरुंबुदूरकडे इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःची जागा घेतली, स्वतःचा ट्रॅक बांधला. १९९०ला तिथे शर्यती सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. शोळावरम गेलं, पण शर्यत राहिली!”

ब्रिटनमध्येही स्पीडवे अगदी संपलेला नाही, हे सांगायला हवं. मँचेस्टरला २०१६ला खास स्पीडवेसाठी नवं स्टेडियम झालं. ऑक्सफर्डला बंद पडलेला ट्रॅक २०२२ला पुन्हा सुरू झाला. ताई वॉफिंडेन हा ब्रिटिश स्वार २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीनदा जगज्जेता झाला. पण पूर्वी बहुतेक कामगार शहरांना आपला संघ असे, आठवड्याचा एक वार ठरलेला असे, ते दिवस गेले.

शेडचं काय?

दुपारी काकांचा मुलगा आला. तो व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. चांगला, शांत स्वभावाचा. तो आला आणि मला कळलं, ट्रंक आज उघडण्याचं कारण माझी भेट एवढंच नव्हतं. शेडला गिऱ्हाईक आलं होतं. गोदामासाठी. भाडं चांगलं, कटकट नाही, मशिनची घरघर नाही. ट्रंक घरी न्यायची म्हणून खाली काढलेली होती.

“बाबा, तुमचं वय झालं. तीन माणसांच्या पगारासाठी रोज इथे येता. आजूबाजूला बघा, किती शेडची गोदामं झाली,” मुलगा म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. मी येताना पाहिलंच होतं. लेथच्या जागी खोकी, कामगारांच्या जागी कुलूप. रस्त्यापलीकडे उंच इमारती उठल्या आहेत आणि रात्रपाळीच्या आवाजाबद्दल तिथून तक्रारी येऊ लागल्यात, असं काका सांगत होते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “या तिघांना मी विचारलंय. मशिन तेच चालवतील, जॉबवर्क तेच आणतील. भाडं गोदामवाला देतो त्याच्या निम्मं देतील.”

“निम्मं?”

“निम्मं. जागा माझी आहे म्हणून निम्म्यावर देऊ शकतो. भाड्याची असती तर मला कुणी विचारलं नसतं.”

मुलानं आईकडे पाहिलं. काकू ट्रंकेतल्या पत्रिका पुसून पुन्हा रचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तीन वर्षं देऊन बघा. मग ठरवा.”

मुलानं हिशेब केला, जरा कुरकुरला, आणि मग म्हणाला, “ठीक आहे. पण तीनच वर्षं हं, बाबा.”

“तीन गुण म्हणजे पहिला नंबर!” काका हसले. मला वाटतं, त्यांना एवढंच हवं होतं.

संध्याकाळी त्यांनी मला येझदीवरून स्टेशनला सोडलं. या येझदीला ब्रेक आहेत, तरी तुमकूर रोडच्या वळणावर मी डोळे मिटून घेतले! वाटेत त्यांनी जालहळ्ळीच्या दिशेला हात केला. तिथे एचएमटीचं संग्रहालय आहे, २०१९ला उघडलेलं. जुनी घड्याळं, ती बनवणारी यंत्रं, सगळं मांडून ठेवलंय. “पुढच्या खेपेला पोरांना घेऊन ये. ते दाखवू, आणि मग शेडवर येऊ,” काका म्हणाले.

पोरांना तिथे चालू लेथही बघायला मिळेल. निदान तीन वर्षं तरी नक्की.